संयुक्त राष्ट्रांतील इंटर्नशिप : दार उघडे, वाट खर्चाची

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिप म्हणजे पदवीच्या अखेरच्या टप्प्यातील किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने साधारण दोन ते सहा महिने या संघटनेच्या एखाद्या कार्यालयात, तिथल्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली केलेले काम. न्यूयॉर्कचे मुख्यालय, जिनिव्हा, व्हिएन्ना आणि नैरोबी इथली मोठी कार्यालये, बँकॉक, आदिस अबाबा, बैरुत आणि सँतियागो इथले प्रादेशिक आयोग अशा सगळ्या ठिकाणी वर्षभर हे विद्यार्थी येत-जात असतात. कुणी कायद्याचा, कुणी अर्थशास्त्राचा, कुणी सार्वजनिक आरोग्याचा, कुणी पत्रकारितेचा. अलीकडे संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थीही मोठ्या संख्येने दिसतात, कारण आकडेवारी गोळा करणे आणि ती जगासमोर मांडणे हा या संघटनेच्या कामाचा मोठा भाग आहे.

इंटर्न संघटनेचा कर्मचारी नसतो. नियमांत त्याची गणना मोबदला न घेता काम करणाऱ्या मनुष्यबळात होते, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी या एका तरतुदीतून निघतात. त्याला पगार नाही, निवृत्तिवेतनाचा संबंध नाही. आजारपणाचा वा अपघाताचा खर्च संघटना उचलत नाही. रुजू होण्याआधी वैद्यकीय विम्याचा पुरावा त्यानेच द्यायचा असतो. विमानाचे तिकीट, व्हिसा, घरभाडे, जेवण हे सगळे त्याच्याच खिशातून जाते. संघटनेच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला नसतो. कामात हाती आलेली गोपनीय माहिती त्याने मुदत संपल्यावरही उघड करायची नसते, आणि त्याने लिहिलेल्या मजकुराचे हक्क संघटनेकडे राहतात. याच्या बदल्यात त्याला मिळतो तो अनुभव आणि शेवटी एक प्रमाणपत्र.

पात्रतेचे नियम सोपे आहेत. अर्जदार पदव्युत्तर किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमात शिकत असावा, अथवा पहिल्या पदवीच्या शेवटच्या वर्षात असावा. शिक्षण संपले असेल तर पदवी मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत इंटर्नशिप सुरू व्हायला हवी. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम करणारा विद्यार्थी त्यामुळे अखेरच्या वर्षातच पात्र ठरतो. इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी एक भाषा उत्तम यावी लागते, कारण सचिवालयाचे दैनंदिन काम या दोन भाषांत चालते. संघटनेच्या अधिकृत भाषा सहा आहेत : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. इंग्रजीच्या जोडीला यांतली आणखी एखादी भाषा येत असेल तर अर्जाचे वजन वाढते. पुण्या-मुंबईत फ्रेंच आणि स्पॅनिश शिकणाऱ्यांची कमतरता नाही, पण ती भाषा बहुधा दहावी-बारावीच्या गुणांसाठी घेतली जाते आणि पुढे सुटते. जिनिव्हात काम करायचे मनात असेल तर ती सुटू देऊ नये. आणखी एक अट थेट घराशी संबंधित आहे. संघटनेतील कर्मचाऱ्याच्या मुलाला, मुलीला किंवा सख्ख्या भावंडाला इंटर्नशिप मिळत नाही.

सचिवालयाचे अर्ज ‘इन्स्पिरा’ या संगणकप्रणालीवर भरले जातात. इथे पुष्कळ विद्यार्थी पहिली चूक करतात. संयुक्त राष्ट्रांत इंटर्नशिप हवी, असा एकच सरसकट अर्ज करून ते वाट पाहतात. प्रत्यक्षात प्रत्येक विभाग आपापली जाहिरात काढतो. त्या जाहिरातीत कामाचे ठिकाण, कालावधी, अपेक्षित विषय आणि काम प्रत्यक्ष हजर राहून करायचे की घरून, हे लिहिलेले असते. मानवी हक्क कार्यालयाला हवा असलेला विद्यार्थी आणि व्यापार-विकास परिषदेला हवा असलेला विद्यार्थी वेगळे असतात, त्यामुळे दोन्हीकडे एकच पत्र पाठवून भागत नाही. निवड करणारा अधिकारी पुष्कळदा पत्राचा पहिला परिच्छेद वाचूनच अर्ज पुढे ठेवायचा की नाही हे ठरवतो. जगात शांतता नांदावी अशी लहानपणापासूनची इच्छा तिथे लिहिण्यापेक्षा, दुष्काळी तालुक्यातील पाणीवाटपावर प्रबंध लिहिताना कोणती आकडेवारी कशी तपासली हे लिहिणे शंभर पटींनी उपयोगी पडते.

मुलाखत झालीच, तर तिची पद्धत भारतीय विद्यार्थ्यांना अनोळखी वाटते. पाठ्यपुस्तकी प्रश्न फारसे येत नाहीत. सहकारी सहकार्य करत नसताना काम वेळेत कसे पूर्ण केले, किंवा आपले म्हणणे चुकीचे ठरले तेव्हा काय केले, याचे घडलेले उदाहरण मागितले जाते. परिस्थिती काय होती, आपण काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, या क्रमाने उत्तर अपेक्षित असते. आपल्याकडे गटाने केलेल्या कामाचे श्रेय एकट्याने घेऊ नये, असा चांगला संस्कार असतो. त्यामुळे उमेदवार प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’ म्हणत राहतो आणि त्याने स्वतः काय केले ते समोरच्याला कळतच नाही. अशा मुलाखतीत आपला वाटा नेमका सांगणे म्हणजे बढाई नव्हे.

या टप्प्यावर फसवणुकीचा धोका मोठा आहे. संयुक्त राष्ट्रे अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण वा नेमणूक यांपैकी कशासाठीही शुल्क घेत नाहीत. तरीही निळ्या बोधचिन्हाचे नेमणूकपत्र ई-मेलवर येते आणि व्हिसाच्या प्रक्रियेसाठी किंवा अनामत म्हणून पैसे भरायला सांगितले जाते. पैसे मागितले की पत्र खोटे, एवढे पक्के धरून चालावे. पैसे घेऊन दोन-तीन दिवसांचे सभासंमेलन भरवणाऱ्या आणि त्याला संयुक्त राष्ट्रांचे नाव जोडणाऱ्या खासगी संस्थाही आहेत. त्यांच्या प्रमाणपत्राला सचिवालयात इंटर्नशिपचे मोल नाही.

प्रत्यक्ष काम कसे असते हे जिनिव्हातल्या एका दालनातून चांगले कळते. ‘पॅले दे नासियों’ ही इमारत मुळात राष्ट्रसंघासाठी बांधली गेली. तिचे काम 1929 मध्ये सुरू झाले. आज ती संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा कार्यालयाची वास्तू आहे. तिथल्या विसाव्या क्रमांकाच्या सभागृहाचे छत मिकेल बार्सेलो या स्पॅनिश चित्रकाराने रंगवले असून त्यावरून रंगीत लोंबते सुळके खाली उतरतात. 47 सदस्य देशांची मानवी हक्क परिषद या सभागृहात भरते. तिची नियमित अधिवेशने वर्षातून तीन वेळा होतात. अधिवेशनाच्या दिवसांत मागच्या रांगेतल्या खुर्च्यांवर लॅपटॉप घेऊन बसलेले इंटर्न दिसतात. समोर देशोदेशींचे प्रतिनिधी मोजून दिलेल्या मिनिटांत बोलत असतात. कोणत्या देशाने काय म्हटले, मसुद्यातील कोणत्या परिच्छेदाला हरकत घेतली, मतदानाआधी कोणते स्पष्टीकरण दिले, हे इंटर्न टिपून घेतो. संध्याकाळपर्यंत त्याचे दीड-दोन पानांचे टिपण अधिकाऱ्याच्या हाती पडावे लागते. भाषण करणाऱ्याने ‘चिंता’ व्यक्त केली की ‘तीव्र चिंता’, यातला फरक त्या टिपणात उतरायला हवा, कारण उद्याच्या वाटाघाटी त्याच शब्दांवर होणार असतात.

याच परिषदेत प्रत्येक सदस्य राष्ट्राच्या मानवी हक्कांच्या स्थितीचा ठरावीक वर्षांनी आढावा घेतला जातो. इतर देश शिफारशी करतात आणि संबंधित देश त्यांतल्या काही स्वीकारतो, काहींची नुसती नोंद घेतो. एकेका देशाला शंभराहून अधिक शिफारशी येतात. त्यांची विषयवार यादी करणे, मागच्या फेरीतल्या शिफारशींशी ती ताडून पाहणे, कोणती शिफारस पुन्हा आली आणि कोणती गळली हे शोधणे, हे इंटर्नच्या वाट्याला येणारे ठरलेले काम. बाहेरून ते कारकुनी वाटते. पण अशा दोन-तीन याद्या केल्यावर त्या देशातल्या तुरुंगांची, शाळांची आणि न्यायालयांची स्थिती विद्यार्थ्याला जेवढी कळते तेवढी एखाद्या सत्राच्या व्याख्यानांतून कळत नाही.

लेखनाची शिस्त ही या कामाची दुसरी मोठी देणगी. सचिवालयात तयार होणाऱ्या अहवालाला 8,500 शब्दांची मर्यादा आहे, आणि तिच्यामागे अगदी व्यावहारिक कारण आहे. अहवालाचा सहा भाषांत अनुवाद करायचा असतो आणि अनुवाद, संपादन, छपाई यांचा खर्च प्रत्येक पानागणिक वाढतो. स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीचे ठेवतात, पण ‘ऑर्गनायझेशन’सारख्या शब्दात मात्र ‘झेड’च चालतो. प्रत्येक कागदाला स्वतःचा क्रमांक असतो. ‘ए/रेस/70/1’ असे लिहिलेले दिसले की जाणकाराला लगेच कळते : ‘ए’ म्हणजे आमसभा, ‘रेस’ म्हणजे ठराव, 70 हे अधिवेशन आणि 1 हा त्या अधिवेशनातला ठराव. 2015 साली मंजूर झालेला शाश्वत विकास उद्दिष्टांचा ठराव तो हाच. पहिल्या आठवड्यात इंटर्नला हे क्रमांक गूढ वाटतात. महिनाभरात हजारो कागदांतून हवा तो कागद तो काही मिनिटांत काढू लागतो. संशोधन करणाऱ्याला हे कौशल्य जन्मभर पुरते.

सगळ्यांच्या वाट्याला असे काम येत नाही, हेही खरे. अनुभव कसा येईल हे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यावर फार अवलंबून असते. एखादा अधिकारी इंटर्नला वाटाघाटींच्या बैठकीला सोबत नेतो, त्याच्या मसुद्यावर लाल शाईने खुणा करून तो समजावून सांगतो. दुसऱ्याकडे वेळच नसतो आणि इंटर्न तीन महिने निमंत्रितांच्या याद्या अद्ययावत करत राहतो. म्हणून काम स्वीकारण्याआधीच आपण नेमके काय करणार, कुणाच्या हाताखाली आणि शेवटी लेखी मूल्यमापन मिळेल का, हे विचारून घेणे विद्यार्थ्याच्या हिताचे असते. असे विचारणे तिथे उद्धटपणा मानले जात नाही.

आता खर्चाचा प्रश्न, आणि या विषयातला खरा पेच इथेच आहे. जिनिव्हा आणि न्यूयॉर्क ही जगातल्या अत्यंत महागड्या शहरांपैकी दोन. जिनिव्हात खोली मिळेना म्हणून अनेक इंटर्न सीमेपलीकडे फ्रान्समध्ये फेर्ने-व्होल्तेर किंवा आनमास इथे राहतात आणि रोज ये-जा करतात. डिसेंबर 2019 मध्ये ‘लेमां एक्स्प्रेस’ ही सीमापार लोकल सुरू झाल्यावर आनमासहून येणे सोपे झाले. तरीही भाडे, प्रवास, विमा आणि जेवण मिळून सहा महिन्यांचा हिशेब मांडला, तर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घराला तो झेपत नाही, आणि शेतकरी वा कामगाराच्या घरात तर असा हिशेब मांडायलाही कुणी बसत नाही.

ऑगस्ट 2015 मध्ये न्यूझीलंडचा 22 वर्षांचा एक इंटर्न जिनिव्हात सरोवराजवळ तंबू ठोकून राहत असल्याची बातमी जगभर पसरली. त्याने पत्रकारांसमोर इंटर्नशिपचा राजीनामा दिला. इंटर्नशिप विनावेतन आहे हे माहीत असूनच आपण ती स्वीकारली होती, हे त्याने मोकळेपणाने सांगितले. तंबूत राहण्यामागे या प्रश्नाकडे लक्ष वेधण्याचा हेतूही होता, असे पुढे त्याच्याच सांगण्यातून स्पष्ट झाले. हे कळल्यावर काही जण नाराज झाले, पण त्याच्या तंबूने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर त्यामुळे बदलत नाही. जिनिव्हातील इंटर्नच्या संघटना त्याआधीपासून हेच म्हणत होत्या. पुढे ‘फेअर इंटर्नशिप इनिशिएटिव्ह’ या नावाने ही मागणी न्यूयॉर्क आणि व्हिएन्नापर्यंत पोहोचली.

सचिवालय पैसे का देत नाही, याचे अधिकृत उत्तर असे : कर्मचारी नसलेल्या व्यक्तीला असा मोबदला देण्याची परवानगी सदस्य राष्ट्रांनी दिलेली नाही. महासचिवाच्या हाती यातले फार थोडे आहे. संघटनेचा अर्थसंकल्प आमसभेत ठरतो. त्यावरची खडाजंगी आमसभेच्या पाचव्या समितीत होते, आणि तिथे वर्गणी भरणारे देश एकेका डॉलरचा हिशेब मागतात. मतपेटी नसलेल्या आणि सहा महिन्यांत निघून जाणाऱ्या इंटर्नची बाजू तिथे लावून धरणारे देश थोडे.

ही अडचण खरी असली तरी तिचा परिणाम संघटनेच्या मूळ तत्त्वांनाच छेद देणारा आहे. सनदेचे 101 वे कलम म्हणते की कर्मचारी निवडताना कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी सर्वांत महत्त्वाची मानावी आणि भरती शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर व्हावी. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे 23 वे कलम काम करणाऱ्या प्रत्येकाला न्याय्य मोबदल्याचा हक्क देते. इंटर्न कर्मचारी नाहीत म्हणून ही कलमे त्यांना शब्दशः लागू होत नाहीत, असा युक्तिवाद करता येतो. पण पुढे नोकरीसाठी अर्ज करताना सचिवालयातला अनुभव असलेला उमेदवार पुढे सरकतो, आणि तो अनुभव ज्याच्या घरच्यांना सहा महिने जिनिव्हात पोसणे परवडले त्यालाच मिळालेला असतो. हुशारीआधी ऐपत तपासली जाते. संयुक्त राष्ट्रांच्याच संयुक्त निरीक्षण पथकाने 2009 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये सगळ्या संस्थांच्या इंटर्नशिपचा आढावा घेतला, तेव्हा विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांचे अल्प प्रमाण हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

श्रीमंत देश आपल्या विद्यार्थ्यांसाठी ही फट बुजवून घेतात. जर्मनीत ‘कार्लो श्मिड’ या नावाचा कार्यक्रम आहे. आंतरराष्ट्रीय संघटनांत इंटर्नशिप करणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्यांना त्यातून शिष्यवृत्ती मिळते. अमेरिकेतील मोठी विधी महाविद्यालये उन्हाळी इंटर्नशिपसाठी आपल्या निधीतून पैसे देतात. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती मोलाची आहे, पण ती परदेशातील पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहे. नुसत्या इंटर्नशिपला उपयोगी पडेल अशी सार्वजनिक योजना इथल्या विद्यार्थ्याला सहजी सापडत नाही. विद्यापीठांनी माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून दरवर्षी दोन-चार विद्यार्थ्यांचा खर्च उचलला, तरी बराच फरक पडेल.

बदल घडवता येतो हे जागतिक आरोग्य संघटनेने दाखवून दिले. तिथेही अनेक वर्षे इंटर्नशिप विनावेतन होती. 2018 साली जागतिक आरोग्य सभेने एक ठराव करून ही व्यवस्था बदलायला सांगितली. 2022 पर्यंत स्वीकारलेल्या इंटर्नपैकी किमान निम्मे अल्पविकसित आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असावेत, असे उद्दिष्ट त्यात होते. 2020 पासून संघटना गरजेनुसार स्टायपेंड देऊ लागली. इथली इंटर्नशिप 6 ते 24 आठवड्यांची असते आणि अर्जदाराचे वय किमान 20 असावे लागते. भारतीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे या संघटनेचे आग्नेय आशियाचे प्रादेशिक कार्यालय दिल्लीत आहे. सार्वजनिक आरोग्य किंवा सामाजिक वैद्यकशास्त्र शिकणाऱ्याला आंतरराष्ट्रीय कामाचा पहिला अनुभव घेण्यासाठी देश सोडावा लागत नाही.

पैसे देणाऱ्या इतर संस्थाही आहेत. 1919 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना इंटर्नना बऱ्याच वर्षांपासून स्टायपेंड देते, आणि कामगारांच्या हक्कांसाठी जन्मलेल्या संस्थेने ते द्यावे हे उचितच. युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम हेही स्टायपेंड देतात. जागतिक व्यापार संघटनेत रोजचा भत्ता मिळतो. जागतिक बँकेने इंटर्नना तासांच्या हिशेबाने वेतन देण्याची पद्धत ठेवली आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची उन्हाळी इंटर्नशिप पीएचडी पूर्ण होत आलेल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी असते. दहा ते बारा आठवड्यांत एका विषयावर शोधनिबंध लिहून तो तिथल्या अर्थतज्ज्ञांसमोर मांडायचा असतो, आणि त्यासाठी पगार मिळतो. सचिवालयाचे नाव मोठे म्हणून तिथेच अर्ज करत राहणाऱ्या विद्यार्थ्याने आधी या संस्थांकडे पाहावे.

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कायद्याच्या नव्या पदवीधरांसाठी वेगळी योजना चालवली आहे. तिच्यात उमेदवार विद्यापीठामार्फत पाठवला जातो, एका न्यायाधीशाबरोबर सुमारे दहा महिने काम करतो आणि त्याचा खर्च पाठवणारे विद्यापीठ करते. साहजिकच श्रीमंत विद्यापीठांचे विद्यार्थी तिथे जास्त पोहोचले. हे ओळखून आमसभेने डिसेंबर 2020 मध्ये एक विश्वस्त निधी उभारण्याचा ठराव केला. विकसनशील देशांतील विद्यापीठांनी पाठवलेल्या उमेदवारांना त्यातून साहाय्य मिळते. सचिवालयाच्या इंटर्नशिपसाठीही असा निधी उभा करता येईल, हे यातून स्पष्ट होते.

महाराष्ट्राचा संयुक्त राष्ट्रांशी असलेला शैक्षणिक संबंध जुना आहे. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1956 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या सहकार्याने सुरू झाली. आशिया-पॅसिफिकमधील देशांच्या लोकसंख्या-अभ्यासकांना प्रशिक्षण देण्यासाठीच ती स्थापन झाली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम तिच्यामार्फत चालते आणि त्या पाहणीची आकडेवारी आंतरराष्ट्रीय संस्था सतत वापरतात. टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्याची गोखले संस्था किंवा एखादे चांगले विधी महाविद्यालय इथे शिकणाऱ्याला क्षेत्रकामाची जी सवय लागते तिला या संस्थांत किंमत आहे. युनिसेफचे महाराष्ट्रासाठीचे कार्यालय मुंबईत आहे. दिल्लीत युनिसेफचे आणि कामगार संघटनेचे देश कार्यालय आहे, शिवाय बँकॉकच्या आशिया-पॅसिफिक आयोगाचे उपप्रादेशिक कार्यालयही आहे. बँकॉक आणि नैरोबीत सचिवालयाची इंटर्नशिप विनावेतनच असते, पण राहण्याचा खर्च जिनिव्हाच्या मानाने पुष्कळ कमी येतो. नैरोबी हे तर पर्यावरण कार्यक्रम आणि मानवी वसाहत कार्यक्रम या दोन्हींचे मुख्यालय आहे. पर्यावरण वा नगररचना शिकणाऱ्याला न्यूयॉर्कपेक्षा तिथे अधिक शिकायला मिळेल.

कोविडच्या काळापासून काही विभाग घरून करायची इंटर्नशिप देऊ लागले आहेत. भाडे आणि तिकीट वाचते ही मोठी सोय आहे, आणि लातूर-गोंदियासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला तिच्यामुळे निदान अर्ज करण्याची हिंमत होते. पण मागच्या रांगेत बसून वाटाघाटी पाहणे, बैठकीनंतर कॉफी घेताना एखाद्या अधिकाऱ्याशी होणारी ओळख, या गोष्टी पडद्यावर घडत नाहीत. हाती लागेल तर घरून करायची संधी घ्यावी. मात्र न्यूयॉर्क वा जिनिव्हातील अनुभव आणि ती एकच, असे समजू नये.

इंटर्नशिप संपल्यावर नोकरी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, असे नियमच सांगतात. सचिवालयाच्या नियमांत दीर्घकाळ अशी अटही होती की इंटर्नशिप संपल्यापासून सहा महिने व्यावसायिक श्रेणीतील पदासाठी अर्ज करता येत नाही. पुढचे रस्ते वेगवेगळे आहेत. युवा व्यावसायिक कार्यक्रमाची परीक्षा 32 वर्षांपर्यंतच्या पदवीधरांसाठी असते. सचिवालयात ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे अशा देशांची यादी दरवर्षी निघते, आणि त्या वर्षी भारत यादीत नसेल तर भारतीयाला परीक्षेला बसता येत नाही. कनिष्ठ व्यावसायिक अधिकाऱ्यांची पदे बहुतेक करून श्रीमंत देशांच्या सरकारांच्या खर्चाने आणि त्यांच्याच नागरिकांसाठी असतात. नेदरलँड्ससारख्या देशाने विकसनशील देशांतील उमेदवारांचाही खर्च उचलला आहे. भारतीय तरुणाला सर्वांत खुला रस्ता संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमाचा. आमसभेने 1970 मध्ये तो स्थापन केला आणि त्याचे मुख्यालय जर्मनीत बॉन इथे आहे. स्वयंसेवक म्हटले तरी त्यात दरमहा निर्वाहभत्ता आणि विमा मिळतो, आणि स्वतःच्या देशातही नेमणूक होते.

सध्याचा काळ मात्र कठीण आहे. वर्गण्या वेळेवर न आल्याने संघटनेची तिजोरी आटली आहे. मार्च 2025 मध्ये महासचिव अंतोनियो गुतेरेस यांनी ‘यूएन 80’ हा पुनर्रचनेचा कार्यक्रम जाहीर केला. खर्च आणि पदे कमी करणे हा त्याचा मोठा भाग आहे. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतल्यानंतर तिथेही मोठी काटछाट झाली. नियमित पदे गोठली की काम थांबत नाही. ते सल्लागारांवर, स्वयंसेवकांवर आणि इंटर्नवर येते. त्यामुळे आज अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याने जाहिरातीतील कामाचे वर्णन विशेष बारकाईने वाचावे. त्यात शिकण्याजोगे काम किती आणि रिकाम्या पदाचा भार किती, हे ओळखता येते. अर्ज करण्याआधी राहण्याचा, प्रवासाचा आणि विम्याचा खर्च कागदावर मांडावा, आपल्या विद्यापीठाकडे लेखी साहाय्य मागावे, आणि स्टायपेंड देणाऱ्या संस्थांच्या जाहिराती आधी पाहाव्यात. या जाहिराती त्या त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर वर्षभर निघत असतात आणि त्यांची मुदत बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांचीच असते.